हौदापासून तिसरा आंबा

त्या बागेत माझी पाच महिन्यांची लेक मातीत होती, म्हणून मी दर कार्तिकात तिथं जेवायला जायची. बाकीच्या बायका आवळीभोजनाला जायच्या. मीही त्यांच्यातच, त्यांच्याच टेम्पोत, मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन. पण माझं जाणं वेगळं आणि त्यांचं वेगळं. गल्लीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत सकाळी एका कानात सांगितलेलं दुपारी बसस्टँडवर ऐकू येतं.

बाग बीडहून पालीकडं जाताना, मोठा रस्ता सोडून आत होती. एका जहागीरदाराची. निजामाचं राज्य गेलं तसे ते लोक हैदराबादला गेले ते गेलेच. एक म्हातारा वारस पुढं कित्येक वर्षं हिवाळ्यात चार दिवस यायचा, बारादरीत खुर्ची टाकून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. मग तोही यायचा बंद झाला. बाग राहिली ती माळीचाचाच्या भरवशावर. चाचाचा बाप तिथं माळी, आजा तिथं माळी. आंब्या-सीताफळांचा मक्ता दरसाल माझे सासरे घ्यायचे, पार तरुणपणापासून. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. गावात किराण्याचं दुकान होतं, पण आप्पांचा जीव त्या बागेत. दुकानात बसले की जांभया द्यायचे.

लग्न होऊन आले त्या वर्षी आप्पांनीच मला पहिल्यांदा बाग दाखवली. दगडी कमान, तिच्या एका अंगाला पिंपळ फुटलेला. आत गेलं की दोन्ही बाजूंना चिंचा, आणि त्यांच्या सावलीतून सरळ वाट आठ कोनांच्या हौदापर्यंत. हौदाच्या मधोमध कारंजं होतं, दगडी कमळाचं. त्यातून पाणी उडताना चाचाच्या आज्यानं पाहिलं असेल तर असेल. आम्ही पाहिलं ते कमळात घरटं केलेलं. पलीकडं बारादरी. आप्पा म्हणाले, बारा दारं हायत. मी मोजली तर अकरा. मी तोंडावर म्हणाले, "मामंजी, एक कमी हाय." नव्या सुनेनं असं बोलायची रीत नव्हती, पण माझी जीभ अशीच. आप्पा खो खो हसले आणि भिंतीतलं चिणलेलं बारावं दार दाखवलं. हौदाच्या एका अंगाला आंब्यांच्या रांगा, दुसऱ्या अंगाला डाळिंबं आणि आवळे, आणि सगळ्याच्या मागं रमणा. रमणा म्हणजे मोकळं गवताळ रान. जहागीरदारांनी तिथं हरणं पाळली होती म्हणे. आमच्या वेळी ससेच होते, आणि बोरीची झाडं. चाचा पाटाचं पाणी वळवत होता. त्यानं मला बहू म्हटलं आणि पदरात चार डाळिंबं घातली. मला वाटलं, काय झकास सासर मिळालं आपल्याला.

दुसऱ्या वर्षी लेक झाली. सीताफळाच्या दिवसांत ती गेली. जुलाब लागले, दीड दिवसात डोळे खोल गेले. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी सलाइन लावायला शीर शोधली, ती सापडेना. एवढंच. याच्यापुढं मला सांगता येत नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. लेकरू जन्मलं की स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात, म्हणून मातीत जाताना माणूस, लहान असो मोठं असो, लिंगासकट जातं, आणि ती जागा कुणाच्या पायाखाली येऊ द्यायची नसते. गावाबाहेर आमच्या लोकांची त्यासाठी जमीन आहे. पण आप्पा म्हणाले, "एवढंसं लेकरू, मोठ्यांच्यात कशाला ठेवायचं, भिईल ते. बागंत ठेवू. गार हाय तिथं." चाचाला निरोप गेला. ना कागद, ना परवानगी. हैदराबादेत बसलेल्या मालकाला कोण विचारतो! आप्पा आणि माझा नवरा लेकीला घेऊन गेले. बायका जात नाहीत. मी उंबऱ्यापर्यंत गेले, तिथून सासूबाईंनी दंडाला धरून मला मागं ओढली. पाच बोटं उठली होती दंडावर.

"आईनं जागा बघू न्हाई," त्या म्हणाल्या. "जागा बघितली की पाय तिकडंच ओढतात. मग पुढचं लेकरू टिकत न्हाई."

माझं दूध आठ दिवस आटलं नाही. झंपर भिजायचा, मी न्हाणीत जाऊन पिळून यायची. सासूबाईंना ते दिसत होतं. मला त्यांचा इतका राग होता की त्यांनी वाढलेलं ताट मी सरकवून द्यायची. महिनाभर मी नीट जेवले नाही. शेवटी एके दुपारी नवरा दुकानातून आला, दार लोटून घेतलं, आणि हळूच म्हणाला, "हौदापासून तिसरा आंबा. रमण्याच्या अंगाला. आईला सांगू नकोस." मी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. नवऱ्यावर मी तोवर कधी इतकी माया केली नव्हती.

तेव्हापासून आवळीभोजन म्हटलं की गल्लीत सगळ्यांच्या आधी मी तयार. बायका आवळ्याची पूजा करायच्या, सूत गुंडाळायच्या, मग सतरंज्या अंथरून येसरची आमटी, वांग्याचं भरीत, धपाटे, दही. आणि मी आपलं ताट उचलून आंब्याखाली. पहिल्या वर्षी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षापासून सुरू झालं.

"काय गं, आवळा बाधतो का तुला?"

"महाराणीला आमची पंगत चालत न्हाई!"

"तुमच्या बडबडीनं घास उतरत न्हाई घशाखाली," मी म्हणायची. त्या हसायच्या. तापट बाईचं एक बरं असतं, तिला कुणी खोदून विचारत नाही.

तिसऱ्या आंब्याच्या मुळाशी मी दही-धपाट्याचा घास ठेवायची आणि जरा बोलायची. यंदा तू बालवाडीत असतीस. यंदा पहिलीत. मधे दोन मुलगे झाले, दोघंही टिकले, दणकट निघाले. त्यांचंही मी तिला सांगायची. त्यांची कुंची शिवताना तुझीच आठवली, असलं काहीबाही. मग डोळे पुसून, ताट घासून, परत बायकांत. असं अकरा वर्षं.

मधल्या काळात गाव बदललं. चौकाचौकांत एसटीडीचे डबे आले, घरोघर केबल आली, आमच्या दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या. आप्पा वारले. फळांचा मक्ता सुटला, नवऱ्याला त्यात रस नव्हता. आणि गावाभोवती जिथं बघावं तिथं प्लॉट. कालपर्यंत ज्वारी उभी होती तिथं पांढरे दगड रोवलेले.

बाराव्या कार्तिकात टेम्पो कमानीपाशी वळला आणि मी बोर्ड बघितला. पत्र्याचा, निळा. त्यावर कौलारू बंगला, नारळाचं झाड आणि 'बागेतलं तुमचं घर' अशी अक्षरं. बीडमध्ये नारळ! बायकांना मौज वाटली. एकजण म्हणाली, आपण सगळ्याजणी मिळून एकेक घेऊ, रोज आवळीभोजन. मला हसू आलं नाही. आत चिंचांच्या बुंध्यांवर लाल आकडे टाकले होते आणि फक्कीच्या पांढऱ्या रेषा हौदाच्या कडेनं पार रमण्यापर्यंत गेल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस टेप धरून उभा होता.

मी त्याला विचारलं, "हे सगळं पाडणार का?"

"सगळं न्हाई, ताई. हौद ठेवणार हायत, शोभंला. झाडांची परवानगी आली की झाडं. आधी सपाटीकरण."

"कधी?"

"ट्रॅक्टर रिकामे झाले की. सांगता येत न्हाई."

त्या दिवशी मी आंब्याखाली ताट घेऊन बसले आणि मला एक घास गेला नाही. हिच्या डोक्यावर कुणाचं तरी संडास-बाथरूम येणार, एवढंच डोक्यात. बायका फुगड्या घालत होत्या. मी झाडाला हात लावून लेकीला सांगितलं, "घाबरू नको. तुला घेऊन जाते." सांगितलं आणि मग ते करायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मठात जाऊन स्वामींना विचारलं, कुणाचं आहे ते न सांगता. ते म्हणाले, एकदा मातीला दिलेलं उकरायचं नसतं. पण जागा पायाखाली जाणारच असेल तर तिथली ओंजळभर माती घ्यावी, भस्म लावावं, बेल वाहावा, आणि ती आपल्या जमिनीत नेऊन ठेवावी. म्हणजे माणूस आलं असं धरतात. किती सोपं सांगितलं त्यांनी! ओंजळभर माती. मी उड्या मारत घरी आले आणि नवऱ्याला म्हणाले, "उद्या जाऊ."

"उद्या कसं? माल यायचाय."

"मग परवा."

"अगं, आत्ता कावून घाई करतीस? ट्रॅक्टर काय लगेच येतेत का?"

त्या आठवड्यात माल आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न आलं. मग म्हणाला, येळवस होऊ दे, अमावस्येला सगळे शेतात जेवायला जातात, तेव्हा कुणी बघणार न्हाई, आरामात जाऊ. मी भांडले. असली भांडले की शेजारीण भिंतीवरून वाकून बघायला लागली. "तुमच्या लेकीपेक्षा तुमाला साबणाच्या पेट्या जास्त झाल्या!" असं मी म्हणाले. तो गप्प. त्याचं ते गप्प बसणं मला कोडगेपणाचं वाटायचं. तो घाबरला होता हे मला कसं कळावं?

शेवटी एका रविवारी सकाळी मी पितळी डबा घेतला, भस्म आणि बेल घेतला, खुरपं पिशवीत टाकलं आणि त्याच्या मोपेडपाशी जाऊन उभी राहिले. "येताय का मी चालत जाऊ?" सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं, खुरप्याचा दांडा बाहेर आला होता. मग पुन्हा शेंगांकडं वळल्या. नवऱ्यानं मोपेड काढली.

कमानीतून आत गेलो तर चिंचा जागेवर, हौद जागेवर, आंबे जागेवर. माझा जीव भांड्यात पडला. मी तिसऱ्या आंब्यापाशी गेले, चप्पल काढली, पदर खोचला, बेल ठेवला आणि मुळाच्या कडेला खुरपं घातलं. माती टणक होती. दोन-तीन वेळा मारल्यावर ढेकूळ निघालं. मी ते डब्यात ठेवणार एवढ्यात नवरा मागून म्हणाला, "तिथं न्हाई."

"मग कुठं? इकडच्या अंगाला?"

"या झाडाखाली न्हाईच."

मी वळून बघितलं. तो आंब्याच्या सावलीबाहेर उभा होता, उन्हात, हात मागं बांधून, शाळेतल्या पोरासारखा.

"आई म्हणली होती, जागा तर सांगायचीच न्हाई. तू जेवत नव्हतीस. म्हणून मग... मी एक झाड सांगितलं."

"एक झाड सांगितलं?"

"तोंडात आलं ते."

माझ्या हातात खुरपं होतं. देवाशपथ, मी ते त्याला फेकून मारलं असतं. मी ते जमिनीवर आपटलं. अकरा वर्षं मी त्या झाडाला दही-धपाटा चारला होता. अकरा वर्षं हा माणूस मला आवळीभोजनाच्या दिवशी सकाळी टेम्पोत बसवून द्यायचा आणि संध्याकाळी विचारायचा, "झालं का व्यवस्थित?" मी ओरडले, "मग खरी जागा दाखवा! आत्ताच्या आत्ता दाखवा!"

"मला माहीत न्हाई."

"तुमी गेलता की!"

"कमानीपर्यंत गेलतो." "पुढं पायच उचलंना. आप्पांनी माझ्या हातातून घेतली तिला. मी कमानीत बसून राहिलो. आप्पा आन चाचा गेले आत. मी विचारलं बी न्हाई नंतर."

तो रडायला लागला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मी त्याला रडताना बघितलं नव्हतं, लेक गेली तेव्हासुद्धा. पण मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मला एवढंच कळलं की आप्पा गेले, आता राहिला चाचा. मी अनवाणीच पळत सुटले.

चाचाची खोली विहिरीपाशी होती. तो बाजेवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरून बुबुळं दुधाळ झाली होती. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तर आधी ओळखलंच नाही. मी सासऱ्यांचं नाव सांगितलं तेव्हा तो उठायला लागला. "आप्पा की बहू? बैठ, बेटी, बैठ."

"चाचा, माझी लेक कुठं हाय?"

तो बसला. नवरा मागून येऊन उभा राहिला होता, धापा टाकत.

"आप्पा बोले थे," चाचा म्हणाला, "माँ कू नक्को बताना. किसी कू बी नक्को बताना. मैं जबान दिया, बेटी."

"ज्यांना जबान दिली ते गेले. आता जिची लेक हाय ती मागतीय." मी त्याच्या पुढं खाली बसले. "चाचा, तुमच्या पाया पडते. ओंजळभर माती पाहिजे मला. तुमचं काय जाणार हाय त्यात?"

त्यानं माझं डोकं चाचपलं. मग काठी घेतली आणि उठला. मला वाटलं, झालं. सापडली. मी डबा उराशी धरला आणि त्याच्या मागून निघाले. तो आंब्यांच्या रांगेतून नाही, डाळिंबांच्या कडेनं गेला, बारादरीच्या मागून, आणि रमण्याच्या तोंडाशी येऊन थांबला.

रमणा राहिला नव्हता. गवत नाही, बोरी नाहीत, काही नाही. तांबूस-काळी माती पार टोकापर्यंत सपाट, आणि तिच्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे. कडेला उपटलेल्या बोरींचा ढीग पडला होता, अजून पानं पुरती वाळली नव्हती.

"झाडां की परवानगी नहीं आई करके," चाचा म्हणाला, "इधर सेच शुरू किये. बोर कू परवानगी नहीं लगती बोले."

"कधी?" मी विचारलं.

"बुधवारी."

आज रविवार. बुधवारी माझा नवरा मला सांगत होता की येळवस होऊ दे.

"बोरीखाली होती," चाचा म्हणाला. आता तो मराठीतच बोलत होता, माझ्यासाठी. "आप्पांनी चार दगड ठेवले होते. मी झाडत होतो तिथं, रोज. ट्रॅक्टरवाला आला तर मी पुढं झालो, बोललो, एवढा कोपरा सोड. तो बोलला, चाचा, काय हाय इथं? सांगा, मी सोडतो." चाचानं काठी जमिनीत रोवली. "काय सांगू, बेटी? आप्पाला जबान दिली, कुणाला बोलणार नाही. मी बोललो, काही नाही. फक्त बोर आहे."

तिघं तिथं उभे होतो, आणि तिघांनाही माहीत होतं की आप्पा धरून चौघांतल्या कुणीही एकानं तोंड उघडलं असतं तर ती जागा राहिली असती. मला कुणाकुणाला शिव्या द्याव्यात तेच कळेना. वचन पाळणाऱ्या म्हाताऱ्याला काय शिव्या देणार?

"निदान अंदाजानं दाखवा," मी म्हणाले.

तो आत चालत गेला, आम्ही मागं. बारादरीच्या कोपऱ्याकडं तोंड करून उभा राहिला, मग चार पावलं मागं आला, मग डावीकडं गेला, काठीनं चाचपलं. "इथं," म्हणाला. मग, "नाही, पुढं." त्याला नीट दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी काय ओळखणार, एक खूण शिल्लक नव्हती. शेवटी त्यानं काठीनं हवेत गोल फिरवला. घराच्या अंगणाएवढा तुकडा असेल. "एवढ्यात आहे. एवढ्याच्या बाहेर नाही. खुदा की कसम."

आम्ही त्या तुकड्याच्या मधोमध उभे होतो.

नवऱ्याच्या ते आधी लक्षात आलं. त्यानं घाईघाईनं पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि तसाच उभा राहिला. मी तर अनवाणीच होते. खाली माती मऊ होती, ट्रॅक्टरनं उलटून टाकलेली, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. मी पाऊल उचललं आणि कुठं टेकवावं ते कळेना. इकडं टेकवलं तर इकडं असेल. तिकडं टेकवलं तर तिकडं. मी एका पायावर उभी राहिले, लंगडी घातल्यासारखी, आणि मला हुंदका आला. नवरा म्हणाला, "आलो त्याच पावलांवरून जाऊ. जिथं पडायचा तिथं पाय पडून गेलाय." मग आम्ही तसे निघालो, आपापल्या ठशांत पाय ठेवत. चाचाला त्याचे ठसे दिसेनात, तर मी त्याचा हात धरला आणि एकेक पाऊल सांगत त्याला बाहेर आणलं. माती घ्यायची राहिली. कुठली घेणार होते? भस्माची पुडी तशीच पिशवीत राहिली.

परत येताना मी सगळं ठरवलं. मोपेडवर मागं बसून एकेक वाक्य जुळवलं. हे सगळं सुरू कुणी केलं? सासूबाईंनी. 'आईनं जागा बघू न्हाई' हे कुणी म्हटलं? लेकाला खोटं बोलायला कुणी लावलं? मला उंबऱ्यावरून कुणी ओढली? आज मी त्यांना सोडणार नव्हते. गल्ली गोळा झाली तर होऊ दे.

त्या अजून ओट्यावरच होत्या. शेंगा संपल्या होत्या, टरफलांचा ढीग पुढं पडला होता. नवरा मोपेड लावून कुणाकडं न बघता दुकानाकडं निघून गेला. मी पिशवी त्यांच्या पुढ्यात आपटली. डबा बाहेर घरंगळला, झाकण उघडलं. रिकामा होता.

"न्हाई सापडली?" त्या म्हणाल्या.

"ट्रॅक्टर फिरला रमण्यात. काही राहिलं न्हाई. झालं का आता समाधान?" मी म्हणाले. "तुमाला हेच पाहिजे होतं ना? आईनं जागा बघू न्हाई. बघितली न्हाई बघा. आता कुणालाच दिसणार न्हाई. तुमचं खरं झालं, आत्याबाई."

पुढचं सगळं माझ्या तोंडात तयार होतं. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी डबा उचलला, पदरानं आतून पुसला, कोरडाच होता तरी पुसला, आणि झाकण लावायला लागल्या. झाकण लागेना.

"रमण्यात व्हय," त्या म्हणाल्या. "आप्पांनी मला कधी एवढं बी सांगितलं न्हाई. बागंत, एवढंच म्हणले."

"तुमाला कशाला सांगतील? माझी लेक होती ती."

"तुझ्या लेकीचं न्हाई म्हणत."

मी ओट्यावर टेकले.

"माझा लेक जगला त्याच्या आधीची दोन हायत माझी," त्या म्हणाल्या. "एक तीन महिन्यांचं, एक वर्षाचं. चालायला लागलं होतं ते. माझ्या सासूनं बी मला असंच धरून ठेवलं होतं. आप्पांना मी लई विचारलं. मरायच्या आधी बी विचारलं, आता तरी सांगा. ते म्हणले, आता कशाला."

डब्याचं झाकण शेवटी लागलं. त्यांनी तो डबा मांडीवर धरला, दोन्ही हातांनी, आणि दुकानाच्या दिशेनं बघून घेतलं, लेक ऐकत तर नाही ना. मग माझ्याकडं वाकल्या.

"त्या चाचाला माझ्या दोघांचं बी विचारायचं होतंस की गं."